तोंडात न येणारं नाव

“तू मला हाक कामून मारत न्हाईस?” अंजूनं विचारलं, आणि दीपमालाच्या हातातला कंगवा अर्ध्या केसांत थांबला. पोरगी तिच्या पुढ्यात पाठमोरी बसली होती, शहाबादी फरशीवर पाय लांब करून, दोन्ही अंगठे एकमेकांवर आपटत. विचारताना तिनं मान वळवली नाही. सूर भांडणाचा नव्हता, रुसव्याचाही नव्हता. आज नळाला पाणी का आलं नाही, असं विचारावं तितक्या साधेपणानं तिनं विचारलं होतं. “मारते की,” दीपमाला म्हणाली. “न्हाई मारत. रेणुकाला मारतीस. भाग्याला मारतीस. मला नुस्तं ‘ए’ म्हणतीस. ‘हिकडं ये’ म्हणतीस.” “बरं बरं, मान सरळ धर.” दीपमालानं भांग पाडला, वेणी घातली, रिबिनीची गाठ मारली, आणि पोरगी उड्या मारत नाश्त्याच्या रांगेकडं पळाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की एवढं बोलणं झालं तरी आपण ‘बरं अंजू’ म्हणालो नाही. तेलकट कंगवा हातात धरून ती तशीच बसून राहिली. कुणीतरी भरल्या वर्गात आपल्या पदराची फाटकी बाजू दाखवावी, तसं तिला झालं.

कलबुर्गीत हुमनाबाद रस्त्याला आत वळून गेलं की मुलींचं हे बालगृह लागतं. चारी बाजूंनी उभ्या शहाबादी फरशांचं कुंपण, मध्ये एक चिंच, आणि उन्हाळा असा की दुपारी बारा वाजता चिंचेलाही सावली हवीशी व्हावी. बालसंगोपनाचा एक वर्षाचा कोर्स करणाऱ्या मुलामुलींना इथं कामाच्या सरावाला पाठवत. प्रत्येकाकडं एक लेकरू खास सोपवलेलं असे. त्याची अंघोळ, त्याचं जेवण, त्याचा अभ्यास, त्याचं रडणं, सगळं त्याच माणसानं बघायचं. दीपमाला बसवकल्याण तालुक्यातल्या मंठाळची, मराठी बोलणारी. अंजूही मराठीच बोलायची, म्हणून कमलम्मांनी तिला दीपमालाच्या पदरात टाकलं होतं. कमलम्मा म्हणजे सरावावर देखरेख करणाऱ्या बाई, अंगानं भरलेल्या, चालताना धापा टाकणाऱ्या आणि तरीही सगळीकडं असणाऱ्या. अंजू हुमनाबादच्या बस स्टँडवर सापडली होती. पिशवी नव्हती, चप्पल नव्हती, गावाचं नाव सांगता येत नव्हतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा एकच गोष्ट ती न अडखळता बोलली होती: “मी अंजू.” घरून येताना तिनं बरोबर आणलं होतं ते एवढंच. आणि नेमकं तेवढंच आपण हातात घेत नाही आहोत, हे दीपमालाला त्या सकाळी कळलं आणि तिला स्वतःची भीती वाटली.

नाश्त्याला सुसला होता, भिजवून फोडणीला टाकलेल्या चुरमुऱ्यांचा. ती वाढत होती आणि मनाशी प्रयोग करत होती. “रेणुका, ताट पुढं कर.” निघालं. “भाग्या, सांडू नकोस.” तेही निघालं, अगदी खणखणीत. मग अंजू ताट घेऊन आली, खाली बघत, आणि दीपमालाच्या तोंडात शब्द आला, जिभेच्या टोकापर्यंत आला, आणि तिथून कुणीतरी मागं ओढल्यासारखा परत गेला. “घे,” ती म्हणाली. पोरगी ताट घेऊन गेली. सुरुवातीला असं नव्हतं, हे तिला पक्कं आठवत होतं. पहिल्या दिवसांत ती बिनदिक्कत अंजू म्हणायची. अंजू ऊठ, अंजू दात घास. मग केव्हा? ती उलटीकडून आठवत गेली आणि एका दुपारपाशी येऊन थांबली. नखं कापायची होती. आधी अंजू पाय आखडून घ्यायची, बोटाला बोट लागू द्यायची नाही. त्या दुपारी तिनं आपणहून पाय उचलला आणि दीपमालाच्या तळहातावर ठेवला, पूर्ण भार टाकून, आणि वर चिंचेतल्या खारीकडं बघत बसली. त्या इवल्याशा पायाचं वजन दीपमालाला खांद्यापर्यंत जाणवलं होतं. आपलं हे, असं काहीतरी तिच्या छातीत हललं होतं. त्या दुपारनंतर नाव बंद झालं.

वर्गात तर ती हुशार गणली जायची. लेकराशी बोलताना त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा, विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नका, ओढत नेऊ नका, बोलवा, आणि नावानं बोलवा; हे सगळं तिला तोंडपाठ होतं. एकदा सोंगं करून दाखवायची होती, तेव्हा बरोबरीचा रविकुमार हट्टी लेकरू झाला होता. एवढा मिशावाला गडी फरशीवर हातपाय झाडत गडाबडा लोळला, भोकाड पसरलं, सगळा वर्ग हसून बेजार. दीपमाला त्याच्याशेजारी उकिडवी बसली आणि हसू दाबत दहा वेळा म्हणाली, “रवी, माझ्याकडं बघ. रवी, मी हितंच हाय.” कमलम्मांनी तिची सगळ्यांपुढं तारीफ केली. ते सोपं होतं. रविकुमार संध्याकाळी उठून आपल्या खोलीवर जाणार होता. त्याचं काही झालं तर तिचं काही जाणार नव्हतं. जे माणूस गेलं तर आपण उभं राहणार नाही, त्याचंच नाव आपल्या घशात अडकतं, असं तिनं स्वतःशी सरळ म्हणून पाहिलं. म्हटल्यावर तिला पुढचं वाक्य आपोआप सुचलं, ‘नाव घेतलं की माणूस जातंय’, आणि ते तिचं नव्हतं, तिच्या आईचं होतं.

आई, शोभाबाई. तिनं दीपमालाला जन्मात कधी नावानं हाक मारली नव्हती. दीपमालाच्या आधी दोन पोरी झाल्या होत्या, मंगल आणि शेवंता. एक गोवरात गेली, एक जुलाबात. तिसरी झाली तेव्हा शेजारच्या वच्छलाबाईंनी सुचवलं, हिला उकिरड्यावर ठेवा, मी उचलून आणते, आणि नाव ठेवा धोंडी. म्हणजे ‘त्याला’ वाटेल, दगडच हाय, न्यायजोगं काही न्हाई. पण बाप रामराव भडकला. त्याच्या बापानं छप्पन्न सालानंतर देव्हारा उचलून दारातून बाहेर नेला होता, घरात आता बुद्धाची मूर्ती होती आणि बाबासाहेबांचा फोटो होता. “ते सगळं आपून सोडलंय. माझी पोरगी धोंडा न्हाई,” तो म्हणाला, आणि बाळंतिणीच्या खाटेपाशी उभं राहून त्यानं नाव ठेवलं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं: दीपमाला. नवरा म्हणतो ते खरं, हे शोभाबाईला पटलं होतं. पण पोटातलं भय काही धर्मांतरात निघून गेलं नव्हतं. धोंडी म्हणायची सोय राहिली नाही, दीपमाला म्हणायची छाती नव्हती. मग तिनं काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं असावं. ‘ए’. ‘आगं’. ‘ती कुठाय?’ बापानं घराला शहाणं केलं आणि आईनं पोरीला वाचवलं, दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत एक पोर बिननावाची वाढली. वच्छलाबाईंनी हे तिला पुढं सांगितलं, तुरी निवडता निवडता, हसत हसत. “तुझी माय नाव घेत न्हाई, कारण घेतलेलं नाव त्याला ऐकू जातंय बग.” “कुणाला?” “त्याला,” वच्छलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनीही त्याचं नाव घेतलं नाही.

हेही चाललं असतं. पण शोभाबाई मेलेल्यांची नावं घ्यायची. त्यांना आता कशाचं भय? पीठ मळताना, भांडी घासताना, करडईच्या काट्यांनी ओरखडलेले हात तेलानं चोळताना ती मधूनच म्हणायची, “मंगल गं... शेवंते माझे...” तिचा एरवीचा खरखरीत आवाज त्या वेळी असा मऊ व्हायचा की दीपमाला असेल तिथं थांबून ऐकायची. त्या आवाजासाठी तिनं काहीही दिलं असतं. घरात त्या दोघी होत्या, यात तिला शंका नव्हती. चुलीमागच्या भिंतीला टेकून बसलेल्या, एक दीड वर्षाची, एक तीन वर्षांची, वाढायचं थांबलेल्या. ती स्वतः चार वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यापेक्षा मोठी झाली, आणि धाकटी असूनही त्यांची थोरली बहीण झाली, याचं तिला कितीतरी दिवस कोडं वाटत होतं. एका दुपारी आईनं असंच परसात धुणं आपटता आपटता हाक मारली, “मंगल, ये की गं...” आणि दीपमालाला राहवलं नाही. ती धावत गेली आणि म्हणाली, “व्हय माय, आले.” आईनं वळून पाहिलं. तो चेहरा दीपमाला आजवर विसरलेली नाही. राग नव्हता त्यात. आईनं साबणाचा ओला हात तिच्या तोंडावर गच्च दाबला आणि दाराकडं, भिंतीकडं, वर आभाळाकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. साबण तोंडात गेला होता. पुढं दिवसभर तिला त्याचीच चव लागत राहिली.

शाळेत हजेरी घेताना मास्तर दीपमाला म्हणायचे तेव्हा ती हटकून उशिरा ‘हजर’ म्हणायची. बाप मात्र शेतातून येताना बांधावरूनच ओरडायचा, “दीपमालाऽ”, शेवटचा आकार लांबवून, जणू गावाशी पैज लावली आहे. त्याची हाक ऐकली की तिला आनंद व्हायचा आणि त्याच वेळी आई घरात कुठंतरी दचकत असेल असं वाटायचं. चार वर्षांमागं बाप गेला. त्यानंतर मंठाळच्या त्या घरात हे नाव कुणी उच्चारलंच नाही. कोर्सला कलबुर्गीला यायचं ठरलं तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, लेकरं सांभाळायला बी शिकावं लागतंय व्हय? शोभाबाई बस सुटताना खिडकीशी उभी राहिली, डबा आत दिला, आणि म्हणाली, “नीट ऱ्हा.” एवढंच. बस हलली तेव्हा तिचे ओठ हलत होते असं दीपमालाला वाटलं होतं, पण गाडीच्या आवाजात ऐकू काहीच आलं नाही.

दुपारी मुली झोपल्या तेव्हा तिनं आईला फोन लावला. “जेवलीस का?” आईनं नेहमीप्रमाणं तिथूनच सुरुवात केली. “जेवले. माय, एक सांगू? माझं नाव घे की एकदा.” पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. “कामून? काय झालं?” “काय न्हाई झालं. नुस्तं घे. फोनवर हाय, कुणी ऐकत न्हाई.” “बरं हाईस न्हवं तू? ताप बिप?” “बरी हाय गं. घे की.” फोन कटला असं वाटून दीपमालानं तो कानापासून दूर धरून पाहिला. मग आईचा आवाज आला, आणि हा तो मऊ आवाज नव्हता, रोजचाच खरखरीत होता. “माझ्या तोंडानं ज्येंची नावं घेतली त्या कुठं हाईत? आँ? तू जिती हाईस न्हवं?” “व्हय.” “मग झालं की,” आई म्हणाली. जरा थांबून तिनं पाण्याचं विचारलं, उन्हाचं विचारलं, आणि ठेवते म्हणाली. दीपमाला फोन हातात घेऊन रडली. आईचा राग आला म्हणून नाही. आईचं म्हणणं तिला पटलं होतं, म्हणून.

गोवर कशानं होतो, जुलाबात लेकरू कशानं दगावतं, मीठ-साखरेचं पाणी किती चमचे द्यायचं, हे आता तिला पक्कं ठाऊक होतं; मागच्याच महिन्यात त्यावर परीक्षा झाली होती आणि ती पहिली आली होती. मंगलला वेळेवर गोवराची सुई मिळाली असती तर ती आज जिवंत असती, दोन लेकरांची आई असती. हे डोक्याला माहीत होतं. घशाला ते अजून कुणी शिकवलं नव्हतं. ती तोंड धुऊन आली तर कमलम्मा दारात उभ्या. कमलम्मा एरवी कानडीत बोलायच्या; मनातलं बोलायचं असलं की दीपमालासाठी आपली तोडकीमोडकी मराठी काढायच्या. “दीपमाला, तू चांगली हाय,” त्या म्हणाल्या. “लेकरू तुझ्या हातानं जेवतंय, तुझ्यापाशी झोपतंय. पण तू त्याचं नाव घेईना. मी बघायलेय, लई दिवस झालं. कामून?” “घेते की अक्का.” “न्हाई घेत. आज लेकरू मला येऊन म्हणलं, माझं नाव खराब हाय का.” दीपमाला काय सांगणार? माझ्या आईच्या तोंडानं दोन पोरी मेल्या, असं? कमलम्मांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “त्याला तिकडं बस स्टँडवर सोडलं. हितं तू सोडायलीस, जवळ बसून. हे तुला होत नसलं तर उद्यापासून अंजू दुसऱ्याकडं देते. तू बी मग दुसरं काम बघ, दुकानाचं, शिवणाचं. लेकराचं नको.” रागावून त्या बोलल्या नव्हत्या.

संध्याकाळी पाचला मुलींना अंगणात रांगेत उभं करत, तोंडं धुवायला लावत आणि चुरमुरे देत. त्या दिवशी रांगेत अंजू नव्हती. शोधायची गरजच पडली नाही. पाण्याच्या काळ्या टाकीच्या बुडाशी दोन पाय दिसत होते, अंगठे एकमेकांवर आपटत. “अंजू, बा इल्ली, हिकडं ये,” स्वयंपाकीण कानडी-मराठीत ओरडली. “अंजू, चुरमुरे संपतील बग,” रेणुका ओरडली. भाग्या ओरडली, मग सगळ्याच पोरी एका सुरात ओरडू लागल्या, अंजू, अंजू, आणि त्यांना त्याचा खेळच झाला. पाय हलले नाहीत. कमलम्मा पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि दीपमालाकडं पाहिलं. ओढून आणायचं नाही, हा इथला नियम. बोलवायचं. त्या पोरीनंही नियम ओळखूनच जागा धरली होती, हे दीपमालाला कळलं आणि एवढ्या धास्तीतही तिला तिचं कौतुक वाटलं.

ती टाकीपासून थोड्या अंतरावर उकिडवी बसली, शिकवलं होतं तशी. ऊन पिवळं झालं होतं. टाकीचं बूड ओलं होतं, शेवाळाचा वास येत होता. ‘ए’ म्हणावं असं जिभेवर आलं. तिनं ते गिळलं. आणि त्या जागी वर आली ती दुसरीच नावं: मंगल, शेवंता, त्याच मऊ आवाजात. तिच्या पाठीशी कुंपणाच्या फरशीला टेकून त्या दोघी येऊन बसल्या आहेत, दीड वर्षाची आणि तीन वर्षांची, आणि ही आता काय करते म्हणून बघत आहेत, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. तुमचं नाव घेतलं म्हणून तुम्ही गेलात का गं? तिनं मनात विचारलं. त्या काय बोलणार? त्यांना असलं काही कळायच्या आधीच सगळं झालं होतं. तोंडात साबणाची चव येत होती. टाकीमागचे अंगठे आपटायचे थांबले होते. पोरगी श्वास रोखून ऐकत होती. रांगेतल्या मुली चुळबुळ करू लागल्या, कुणीतरी खुदकन हसलं. आणि दीपमालाला वाटलं, आत्ता नाही तर ही पोरगी उद्या दुसऱ्या कुणाच्या पुढ्यात बसेल, तिथंही पाठमोरीच बसेल, आणि मग पुन्हा कधी कुणाला काही विचारणार नाही.

“अंजू,” ती म्हणाली.

आवाज फाटका निघाला. तो तिला स्वतःचा वाटला नाही. टाकीमागून काही हालचाल झाली नाही. “अंजू,” ती पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्यानं, आणि मग बांधावरून ओरडावं तशी, सगळं अंगण ऐकेल अशी, “अंजूऽ, ये गं.” चिंचेवरचे पक्षी उडाले. रांगेतल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. टाकीमागून आधी एक हात आला, मग वेणी, मग ती सगळीच्या सगळी आली, गुडघ्यांना शेवाळ लागलेली, आणि दीपमालाच्या अंगावर येऊन आदळली. दीपमालानं तिला घट्ट धरलं. पोरीची हाडं हाताला लागत होती. पायरीवरून कमलम्मा उठल्या, गुडघ्यावर हात टेकत, आणि चुरमुऱ्यांची पाटी घेऊन रांगेकडं गेल्या. सगळं रोजच्यासारखं सुरू झालं. आणि तेव्हाच, पोरगी मिठीत असताना, दीपमालाला ते भय वाटलं, एकदम ओळखीचं. आपण ओरडलो. सगळीकडं ऐकू गेलं. आई इतकी वर्षं घरात वावरत होती, स्वयंपाक करत होती, शेतात जात होती, ती हे घेऊनच. एक दिवसही तिनं ते खाली ठेवलं नव्हतं. आईची तिला आता फार दया आली.

“आनिक एकदा म्हण,” अंजू तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली.

दीपमालानं आधी फाटकाकडं पाहिलं, मग कुंपणाकडं, मग वर आभाळाकडं. मग तिच्या कानाला ओठ लावून, दुसऱ्या कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, “अंजू.”